परगावची रात्र आणि बाळाची झोप

या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही सगळे हैदराबादला गेलो होतो. सगळे म्हणजे मी, आमचे हे, लेक, जावई आणि दोन वर्षांचा नातू. तिथे विद्यानगरात माझी मावसबहीण राहते. लग्न होऊन ती त्या गावात गेली तेव्हापासून तिचा पत्ता बदललेला नाही. पूर्वी बैठे घर होते, आता त्याच जागेवर चार मजली इमारत उभी आहे आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड तिचे आहे, एवढाच काय तो फरक.

पहिल्या रात्री नातू झोपेना. दिवसभर चारमिनार, सालारजंग, बिर्ला मंदिर असा हिंडलेला पोर, खरे तर जेवता जेवता पेंगायला हवा होता. पण दिवा मालवला की तो उठून बसायचा आणि दाराकडे बोट दाखवून म्हणायचा, "घली." त्याला घरी जायचे होते! पुण्याला त्याच्या खोलीत त्याचा स्वतःचा कॉट आहे, चारही बाजूंनी कठडे असलेला. जन्मल्यापासून तो त्यातच झोपतो. लेकीने निघण्यापूर्वी मला विचारलेही होते, "आई, मावशीकडे कॉट मिळेल का गं? नाहीतर भाड्याने बघू का?" मी हसण्यावारी नेले. "अगं, आम्ही काय कॉट घेऊन फिरत होतो? तुला याच विद्यानगरात झोळीत निजवली होती मी!"

रात्री दीड वाजता ती मला एवढेच म्हणाली, "आई, तू हसलीस ना, म्हणून मी गप्प बसले." हा शब्द मला लागला. ती खोटे बोलत नव्हती. म्हणून घरी परतल्यावर मी थोडी शोधाशोध केली. परगावी गेलेल्या लहान मुलाला आपले लोक निजवायचे तरी कसे? कोणत्याही बखरीत याची नोंद नसते. लढाया, तह, सनदा यांचा इतिहास आपण वाचतो, पण लढाईच्या काळातही रात्री मुले झोपतच असणार की!

सुरुवात त्या 'कॉट' शब्दापासूनच करते. लेक इंग्रजी शब्द वापरते म्हणून मी नाक मुरडत होते, आणि शब्दकोश उघडला तर काय, कॉट म्हणजे आपली खाट! संस्कृतात खट्वा, हिंदी-मराठीत खाट, आणि सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी ती उचलून आपल्या भाषेत नेली. तिकडे तिला कठडे लागले आणि ती पोरांची झाली. पोर्तुगीजांनीही तेच केले. त्यांचा 'कात्र' हा खाटेचा शब्द मल्याळममधल्या 'कट्टिल'वरून गेला असे कोशकार मानतात. आशियातल्या भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या अशा शब्दांचा मोठा कोश रचला तो आमच्या आसगावच्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी. १९१९ ते १९२१ या काळात तो प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या कॉटवरून आम्हा मायलेकींत बिनसले, तो आमच्याच घरातून गेलेला आणि वेष बदलून परत आलेला पाहुणा होता.

मात्र खाट आपली असली तरी लहान मूल खाटेवर निजवायची आपली रीत नव्हती. गोव्यातली जुनी घरे आठवून पाहा. शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर हातरी, हातरीवर वाकळ. पलंग असे तो एखादा, आणि तोही घरातल्या वडीलधाऱ्यांचा. मूल पाळण्यात. बाराव्या दिवशी बारशाला ते पाळण्यात पडायचे आणि पाय बाहेर येऊ लागेपर्यंत तिथेच. पाळण्याचे दोर छताच्या वाशाला बांधलेले असत. पाळणा नसेल तर जुन्या लुगड्याची झोळी. हे लुगडे आईचे किंवा आजीचे असायचे, शंभर धुण्यांनी मऊ झालेले आणि त्या बाईच्या वासाचे. माहेरी, देवाच्या जत्रेला, लग्नाला जाताना पाळणा कोणी नेत नसे. लुगडे मात्र बरोबर असायचेच. जिथे वासा तिथे झोळी, आणि जिथे वासा नाही तिथे मांडी!

आणि माणसे प्रवास करीत नव्हती असे थोडेच आहे? पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असताना वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबकबिला घेऊन तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमाला वेताच्या मोठ्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. पुढची कितीतरी वर्षे हे कुटुंब पायी हिंडत राहिले. देवळात, धर्मशाळेत जिथे उतरतील तिथे वडील पुराण सांगत. म्हणजे या मुलीला 'आपली खोली' अशी कधी मिळालीच नाही. रोजची रात्र परगावची. पण आई तीच, बाप तोच, आणि दोघांच्या तोंडचे संस्कृत श्लोक तेच.

याच रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा विधवा होत्या, आणि त्यांच्या कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती. म्हणजे आमच्या नातवाएवढी! त्या प्रवासाविषयी त्यांनी मराठीत लिहिले आणि ते त्याच साली पुस्तकरूपाने निघाले. आपण आज त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर, त्यांचे मुक्तिसदन यांची चर्चा करतो. मला मात्र आता त्या आगबोटीवरची रात्र डोळ्यांसमोर येते. हलणारी बोट, अनोळखी वास, अनोळखी भाषा आणि झोप न आलेले दोन वर्षांचे मूल. ते मूल त्या रात्री कोणाला बिलगले असेल ते सांगायला इतिहासकार लागत नाही.

आगबोट म्हटली की आमच्या पिढीला मुंबई-पणजी बोट आठवते. डेकवर पथारी टाकून जागा धरायची, सामानाची भिंत करायची आणि मुलांना मधोमध निजवायचे, म्हणजे लोळत गेले तरी आपल्याच माणसावर आपटतील. ती बोट केव्हाच बंद झाली. रेल्वेत हाल वेगळे होते. दुसऱ्या वर्गाच्या फळ्या लाकडाच्या, उघड्या. बाई फळीच्या कडेला, मूल भिंतीच्या बाजूला, आणि सकाळी उठल्यावर दोघांच्या अंगावर पट्ट्यांचे वळ! या फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसवली ती मधु दंडवते यांनी. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते आणि निवडून आले होते आमच्या शेजारच्या राजापूर मतदारसंघातून. कोकण रेल्वेसाठी आपण त्यांचे नाव घेतो आणि ते घ्यायलाच हवे. पण माझ्या मते त्या दोन इंचांचे उपकार मोठे आहेत. देशातल्या किती लेकरांची पाठ त्यांनी वाचवली असेल!

अजूनही गाडीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि म्हणून त्याला आपोआप बर्थही मिळत नाही. हवा असेल तर पूर्ण भाडे भरा. जेमतेम दोन फुटांच्या बर्थवर आई आणि मूल दोघे. मे २०२२ मध्ये रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला, घडी होणारा छोटा 'बेबी बर्थ' प्रयोग म्हणून लावून पाहिला होता. देशात पहिली आगगाडी धावली १८५३ साली. तान्ह्या मुलाला झोपायला जागा लागते, हे सुचायला १६९ वर्षे जावी लागली!

आता पुन्हा विद्यानगरला येते. १९८९ साली आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा लेक दोन वर्षांची होती. कुळ्याहून घाट चढून लोंडा, हुबळी, गुंटकल करीत मीटरगेजच्या गाड्यांनी काचीगुड्याला उतरलो. विद्यानगर तिथून अगदी जवळ. आज लोकल गाडीने गेलात तर काचीगुड्याच्या पुढचेच स्टेशन, आणि त्याच्या पुढे जामिया उस्मानिया. विद्यापीठाच्या शेजारची ही वस्ती. त्यामुळे मास्तर, कारकून, विद्यार्थी यांचीच वर्दळ, आणि त्यांत मराठी माणसे पुष्कळ. का नसावीत? १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होता. औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या मुलांची राजधानी हीच. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्यासारख्यांनी इथे १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली. निजामाच्या गावात मराठी शिकवणारी शाळा! गोव्यात पोर्तुगीज राजवटीत आपल्या लोकांनी घरोघरी मराठी शाळा जगवल्या, त्याचीच ही बहीण म्हणायला हवी.

त्या मे महिन्यात सारे घर रात्री गच्चीवर झोपायचे. आम्हा गोवेकरांना हे अपूर्वाईचे. आमच्या घरांना उतरती कौले, गच्ची कुठली? फार तर ओसरीवर किंवा राजांगणात झोपायचे, तेही पाऊस येईपर्यंत. मराठवाड्यात मातीचे सपाट माळवद असते आणि उन्हाळ्यात तिथे झोपायची जुनीच चाल. हैदराबादेत तिची गच्ची झाली. संध्याकाळी बादल्या भरभरून पाणी ओतायचे, तापलेली फरशी चरचरायची, मग गाद्या घालायच्या. मावसबहिणीने जिन्याजवळच्या लोखंडी कडीला आपली जुनी साडी बांधली, झोळी केली आणि माझ्या लेकीला तिच्यात घातले. पाच मिनिटांत घोरायला लागली पोरगी!

शेजारच्या तेलुगू आजी त्या वेळी गाणे म्हणत होत्या. मला शब्द कळले नाहीत, पण मधूनमधून 'जो जो' ऐकू आले आणि मी चमकले. आपल्या पाळण्यात 'जो जो' आहे, कानडीत आहे आणि तेलुगूतही! पंधराव्या शतकात ताळ्ळपाक अन्नमाचार्यांनी तिरुपतीच्या देवाला निजवण्यासाठी गाणी रचली, ती त्या बाजूच्या घराघरांत मुलांना निजवायला म्हणतात. आपल्याकडे रामनवमीला भर दुपारी रामाचा पाळणा हलतो आणि त्याच चालीवर रात्री घरचे बाळ झोपते. एवढेच काय, विजापूरकडच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत रचलेली 'लोरीनामा' आणि 'चक्कीनामा' अशी गाणी आहेत. लोरीनामा मुलाला निजवताना म्हणायचा, चक्कीनामा जात्यावर. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांचा अभ्यास करून दाखवले की सूफींची शिकवण दख्खनच्या बायकांपर्यंत आणि त्यांच्या मुलांपर्यंत पोचली ती या गाण्यांतून. जात्यावरची आपली ओवी आणि हा चक्कीनामा यांत अंतर ते किती? दख्खनमध्ये राजे एकमेकांशी लढत होते आणि बायका मुलांना जवळजवळ एकाच रीतीने निजवत होत्या.

हे सगळे डोक्यात होते म्हणूनच यंदा दुसऱ्या रात्री मी मोठ्या उत्साहाने म्हटले, "झोळी बांधू या." पंख्याच्या बाजूला छताला कडीही होती. लेक म्हणाली, "नको आई." मला राग आला. वाटले, शिकलेल्या मुलींना आपले काही पटतच नाही. मग तिने शांतपणे सांगितले. तान्ह्या बाळाचे एक वेळ सोडून दे, पण हा आता उभा राहतो, चढतो, गिरक्या घेतो. झोळीत गोल फिरला आणि साडीला पीळ बसला तर?

मी तेव्हा गप्प बसले, पण पटले नव्हते. घरी आल्यावर वाचले तेव्हा पटले. साडीच्या झोळीत खेळताना कापडाचा पीळ गळ्याला बसून मुले दगावल्याच्या घटना भारतातल्या न्यायवैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या बहुतेक तान्ह्या बाळांच्या नसून चालत्याबोलत्या मुलांच्या आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ पासून सांगितले आहे की त्याला उताणे निजवावे. सपाट आणि घट्ट गादी हवी, आजूबाजूला उशा-दुलया नकोत, आणि खोली आईची असली तरी अंथरूण वेगळे असावे, हेही ते सांगतात. उताणे निजवण्याचा प्रचार झाल्यावर तिकडे झोपेतले बालमृत्यू खूप कमी झाले. म्हणजे लेकीचे कठड्याचे कॉट हे काही नुसते फॅड नव्हते. आम्ही झोळीत निजवलेली मुले वाढली हे खरे, पण जी वाढली नाहीत त्यांच्या आया 'आमच्या वेळी' म्हणायला पुढे येत नाहीत. हे वाक्य मी स्वतःसाठी लिहिते आहे.

मग त्या रात्री केले काय? मावसबहिणीने कपाटातून जुनी मच्छरदाणी काढली. हिचाही इतिहास त्याच गावात आहे बरे का! २० ऑगस्ट १८९७ रोजी याच शहरात, बेगमपेठेत, रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला मलेरियाच्या रोग्याला चावलेल्या डासाच्या पोटात त्या रोगाचे जंतू सापडले. तोवर लोक खराब हवेला दोष देत. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. १९०२ साली रॉसला नोबेल मिळाले. रोगराईपायी जुने गोवे ओस पडले ती कथा आपण शाळेत शिकतो. त्या काळी तिथल्या एखाद्या आईला डास हा वैरी असल्याचे ठाऊक असते तर? संध्याकाळी खिडक्या लावून तिने धूप घातला असेल, पण वाईट हवेच्या भीतीने.

जमिनीवर गादी घातली, एका बाजूला भिंत नको म्हणून ती खोलीच्या मधोमध ओढली. भिंत आणि गादी यांच्या फटीत मूल अडकते, हेही लेकीचेच ज्ञान. वर मच्छरदाणी ताणून तिच्या कडा गादीखाली खोचल्या. लेकीने पिशवीतून नातवाची पुण्याची चादर काढली, न धुतलेली. मी म्हटले, "अगं, धुऊन तरी आणायचीस." ती म्हणाली, "मुद्दामच नाही धुतली. वास राहू दे घरचा."

शंभर धुण्यांचे ते लुगडे आणि ही न धुतलेली चादर! माझ्या लक्षात आले की जी गोष्ट मी तिला शिकवायला निघाले होते, ती तिला आधीच ठाऊक होती. तिने फक्त त्यातला पीळ काढून टाकला होता.

एक गोष्ट राहिली. विद्यानगरात दुर्गाबाई देशमुखांच्या आंध्र महिला सभेचे रुग्णालय आहे. आज त्याला त्यांचेच नाव आहे. दुर्गाबाई तेलुगू, पण १९५३ मध्ये रोह्याकडच्या चिंतामणराव देशमुखांशी लग्न करून त्या आपल्या सून झाल्या. घटना समितीत होत्या आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही. नवराबायको दोघांचे अखेरचे दिवस हैदराबादेतच गेले. सकाळी त्या रस्त्याने फिरताना मी पाहते तो फाटकाजवळच्या झाडाखाली एक बाई बसलेली. बाहेरगावची असावी, शेजारी बोचके, स्टीलचा डबा. तिचे मूल तिच्या पदरावर झोपले होते. पदर खांद्यावरून काढून तिने त्याच्याखाली अंथरला होता आणि दुसऱ्या टोकाने त्याचे तोंड माशांपासून झाकले होते. तिला ना कॉट, ना मच्छरदाणी, ना गादी. आपण सुटीत गेलो म्हणून मुलाच्या झोपेची चर्चा करतो. आजारपणात, दुष्काळात, कामाच्या शोधात परगावी आलेल्यांची मुलेही रोज रात्री कुठेतरी झोपतच असतात. दुर्गाबाईंनी जन्मभर जे काम केले ते अशाच बायकांसाठी.

दुसऱ्या रात्री नातू झोपला. एकदम नाही, अर्धा तास लागला. मच्छरदाणीत मी, लेक आणि तो. लेकीने पुण्याला रोज म्हणते ते गाणे म्हटले, मग माझ्याकडे पाहिले. मी माझ्या आईचे म्हटले. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी घरी टीव्हीवर तेलुगू बातम्या चालू होत्या. तो एकदा उठून बसला, दाराकडे पाहिले, मग चादर नाकाशी धरली आणि आडवा झाला. 'घली' म्हणाला नाही.

लेक हळूच म्हणाली, "आई, मी पण इथेच झोपले होते ना?"

"इथेच. फक्त तेव्हा वर आभाळ होते."

तुम्ही दिवाळीत किंवा मे महिन्यात लेकरांना घेऊन कुठे निघणार असाल तर एवढेच सांगते. गादी जमिनीवर घाला, पडला तरी लागणार नाही. लोंबती साडी, दोर, पडद्याची दोरी हाताशी ठेवू नका. रोजची चादर न धुता न्या. आणि तुमच्या सुनेने किंवा लेकीने कॉटबद्दल विचारले तर हसू नका. आधी तिला विचारा, का हवा आहे ते.